फ्रेंचमधला ‘कू’: नवशिक्यांनी तो कसा ओळखावा, कसा वापरावा

फ्रेंचचा एकही तास न केलेल्या माणसालाही ‘मेर्सी बोकू’, म्हणजे ‘खूप आभार’, ठाऊक असतं. या ‘बोकू’च्या पोटातच आपला आजचा शब्द बसला आहे. ‘बो’ म्हणजे छान, देखणा आणि ‘कू’ म्हणजे टोला, फटका. ‘छानसा टोला’ हळूहळू ‘भरपूर’ या अर्थाकडे सरकला आणि दोन शब्दांचा एकच शब्द झाला. म्हणजे फ्रेंच शिकायच्या आधीपासूनच ‘कू’ तुमच्या तोंडात आहे.

सी-ओ-यू-पी अशी अक्षरं असलेला हा शब्द पुण्यामुंबईच्या आलियाँस फ्राँसेझमध्ये किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये नाव घातलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षातच भेटतो. आधी ‘अचानक’ या अर्थाच्या शब्दप्रयोगात, मग ‘फोन करणे’मध्ये, मग ‘मदत करणे’मध्ये, आणि बातम्या वाचायला लागलं की ‘सत्तापालट’मध्ये. इथे बहुतेकजण वही काढून यादी करायला घेतात. माझा अनुभव आणि मत असं, की यादीने काम होत नाही. ती फार लांब आहे आणि पाठ केलेले अर्थ आठवड्याभरात एकमेकांत मिसळतात. त्याऐवजी ‘कू’ दिसला की तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: त्याच्याआधी क्रियापद कोणतं आहे? त्याच्यानंतर ‘द’ (म्हणजे ‘चा’) आणि पुढे काय आहे? आणि त्याला ‘अँ’ म्हणजे ‘एक’ लागलंय, की ‘ल’ म्हणजे ‘तो’? बहुतेक अर्थ या तिघांतूनच निघतात.

खाली फ्रेंच उच्चार देवनागरीत दिले आहेत. चंद्रबिंदू किंवा ‘ओं’ जिथे आहे तिथे आवाज नाकातून काढायचा, आणि ‘ज’ जीवातला.

पहिली पायरी: उच्चार

शेवटचा ‘पी’ कधीच ऐकू येत नाही. अनेकवचनात एस लागतो, तोही मुका. एक असो की दहा, कानाला ‘कू’च. शब्द पुल्लिंगी आहे.

खरी काळजी स्वराची घ्यायची. मराठीतला साधा ‘ऊ’ इथे बरोबर चालतो. ओठ पुढे काढून ‘कू’ म्हणा, झालं. पण फ्रेंचमध्ये आणखी एक स्वर आहे, ज्यात ओठ ‘ऊ’साठी गोल करायचे आणि आतून ‘ई’ म्हणायचं. हा स्वर नव्याने शिकलेला विद्यार्थी तो उत्साहाने सगळीकडे लावतो. ‘कू’ला तो लावलात तर ‘ढुंगण’ या अर्थाचा शब्द तयार होतो, आणि ‘मेर्सी बोकू’चंही भलतंच काहीतरी होतं. तेव्हा हा शब्द सरळ मराठी ‘ऊ’नेच म्हणा. ‘द्यू कू’ या जोडीत हे दोन्ही स्वर लागोपाठ येतात. ती रोज दहा वेळा मोठ्याने म्हटली तर जीभ आपोआप वळते.

याच उच्चाराचे आणखी शब्द आहेत: मान, किंमत, आणि ‘शिवणे’ या क्रियापदाचं ‘शिवतो’. लिहिताना अक्षरं वेगळी, ऐकताना सगळे एकच. संदर्भावरूनच ओळखायचे.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ठोसा किंवा थप्पड. तो लॅटिनमध्ये आला आणि तिथून इटालियनमध्ये ‘कोल्पो’, स्पॅनिश व पोर्तुगीजमध्ये ‘गोल्प’च्या रूपात, तर फ्रेंचमध्ये ‘कू’ होऊन उतरला. गोव्यात ज्यांच्या घरी पोर्तुगीज बोललं जात होतं त्यांना ‘गोल्प’ ओळखीचा वाटेल. त्याचे अर्थही बरेचसे याच वाटेने गेले आहेत.

दुसरी पायरी: खरोखरचा मार

मराठीत आपल्याकडे माराचे प्रकार आणि त्यांची नावं भरपूर: ठोसा, लाथ, धपाटा, रट्टा, कोपरखळी, वार, टोला. फ्रेंच मात्र बहुतेक वेळा एकाच ‘कू’वर भागवतं आणि कशाने मारलं ते ‘द’ लावून पुढे सांगतं. ‘कू द प्वँ’ म्हणजे मुठीचा कू, अर्थात ठोसा. ‘कू द प्ये’ पायाचा, म्हणून लाथ. ‘कू द कूद’ कोपराचा, ‘कू द कूतो’ चाकूचा वार, ‘कू द फ’ आगीचा, म्हणजे बंदुकीची गोळी सुटणं. पोलिसांकडच्या तक्रारीत मारहाणीच्या गुन्ह्याला ‘कू ए ब्लेस्यूर’ म्हणतात: फटके आणि जखमा.

व्याकरणाची एकच गोष्ट इथे पक्की करा. ‘द’च्या पुढचं नाम उघडं असतं, त्याला ‘ल’ किंवा ‘ला’ लागत नाही. मराठी विद्यार्थी अतिशुद्ध व्हायला जाऊन आर्टिकल घालतात आणि वाक्य बिघडतं. देणाऱ्यासाठी ‘दोने’ म्हणजे ‘देणे’, खाणाऱ्यासाठी ‘रसव्वार’ म्हणजे ‘मिळणे’ किंवा बोलीत ‘प्राँद्र’ म्हणजे ‘घेणे’. मार ‘खाणे’ हे आपलं, फ्रेंचांचं नाही.

‘कू द तेत’, म्हणजे डोक्याचा कू, जरा जवळून पाहू, कारण एका शब्दाचे अर्थ कसे फुटतात ते त्यात छान दिसतं. 12 जुलै 1998 रोजी पॅरिसजवळच्या स्ताद द फ्राँसवर ब्राझीलविरुद्धच्या विश्वचषक अंतिम सामन्यात झिनेदिन झिदानने आपले दोन्ही गोल कॉर्नरवरून डोक्याने केले. तो ‘कू द तेत’, चेंडूला दिलेला. 9 जुलै 2006 रोजी बर्लिनमध्ये, पुन्हा अंतिम सामन्यातच, त्याने इटलीच्या मातेरात्झीच्या छातीवर डोकं आदळलं आणि लाल कार्ड घेऊन मैदान सोडलं. तोही ‘कू द तेत’. बोलीभाषेत याला ‘कू द बूल’ असंही म्हणतात. आणि तिसरा अर्थ: आधी विचार न करता, डोक्यात आलं म्हणून एखादी गोष्ट करून टाकली तर ती ‘स्यूर अँ कू द तेत’ केली, असं म्हणतात. नोकरी तडकाफडकी सोडली, भांडून घर सोडलं, यासाठी हाच शब्दप्रयोग. शब्द तेच, पण आधी ‘स्यूर’ आला की कपाळाचा संबंध संपतो आणि स्वभावाचा सुरू होतो.

खेळातले बाकीचे शब्द पटकन: फुटबॉलमध्ये ‘कू दाँव्वा’ म्हणजे सामन्याची सुरुवात, ‘कू फ्राँ’ म्हणजे फ्री किक. टेनिसमध्ये ‘कू द्र्वा’ म्हणजे फोरहँड. बुद्धिबळातली प्रत्येक खेळीही ‘कू’च.

तिसरी पायरी: ‘मारणे’ आठवा

मराठी माणसाला इथे इतरांपेक्षा सोपं जातं, असं मला ठामपणे वाटतं. आपण झाडू मारतो, फडकं मारतो, ब्रेक मारतो, हॉर्न मारतो, कपड्यांना इस्त्री मारतो आणि मित्राला फोन मारतो. यात कुणालाच मार बसत नाही. एखादं साधन घेऊन पटकन, फार सोहळा न करता काम उरकणं, एवढाच त्या ‘मारणे’चा अर्थ. फ्रेंच नेमकं हेच ‘दोने अँ कू द’ने करतं. ‘कू द बाले’ झाडूचा, ‘कू द फेर’ इस्त्रीचा, ‘कू द फ्रँ’ ब्रेकचा, ‘कू द क्लाक्सोन’ हॉर्नचा, ‘कू द पेन्य’ केसांवर फिरवलेल्या कंगव्याचा. सगळ्यांत ‘थोडंसं, झटपट’ ही छटा आहे. पाहुणे यायच्या आधी पाच मिनिटांत केर काढला तर ‘कू द बाले’. दिवाळीची साफसफाई केली तर नाही.

यातलं सगळ्यात उपयोगी म्हणजे ‘कू द फिल’. फिल म्हणजे तार. ‘ज त पास अँ कू द फिल स स्वार’: संध्याकाळी फोन करतो तुला. इथे ‘दोने’ही चालतं, पण ‘पासे’ जास्त कानावर पडतं. मोबाइलला तार नसली तरी शब्द टिकून आहे.

पण हे साम्य जिथे संपतं त्या जागा माहीत हव्यात, नाहीतर फजिती ठरलेली. चक्कर मारणे, उडी मारणे, गप्पा मारणे यांत ‘कू’ येत नाही. त्यांची वेगळी क्रियापदं आहेत. ‘कू दय’ हा डोळ्याचा कू, पण त्याचा अर्थ डोळा मारणे नव्हे. त्याचा अर्थ नजर टाकणे. ‘जेत अँ कू दय’ म्हणजे ‘जरा बघून घे’. डोळा मारण्याला ‘क्लँ दय’ म्हणतात. तसंच ‘कू द मँ’ हा हाताचा कू, पण थप्पड नाही आणि हात मारणेही नाही. तो मदतीचा हात. ‘त्यू प म दोने अँ कू द मँ?’ असं शेजाऱ्याने सोफा उचलताना विचारलं, तर तो ‘जरा हात लावतोस का?’ एवढंच म्हणतोय. थोडासा आधार, शिफारस, पुढे ढकलणं यासाठी ‘कू द पूस’, अंगठ्याचा कू. नव्याने धंदा सुरू करणाऱ्याला मिळालेली छोटी रक्कम, परीक्षकाने दिलेले दोन वाढीव गुण, हे सगळं ‘कू द पूस’.

चौथी पायरी: शरीराला आणि मनाला बसणारे ‘कू’

इथे एक सापळा आहे आणि फ्रान्समध्ये राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला तो औषधाच्या दुकानात अडचणीत आणू शकतो. ‘कू द सोलेय’ म्हणजे सूर्याचा कू. आपण लगेच म्हणतो, ऊन लागणं. नाही. ‘कू द सोलेय’ म्हणजे उन्हाने कातडी लाल होणं, भाजणं, सोलणं. गोऱ्या कातडीला हे सहज होतं, म्हणून त्यांच्या बोलण्यात हा शब्द सतत येतो. आपलं ऊन लागणं, म्हणजे डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, ताप, यासाठी ‘अँसोलास्यों’ किंवा ‘कू द शालर’, उष्णतेचा कू. ‘जे प्री अँ कू द सोलेय’ असं म्हटलंत तर हिरव्या क्रॉसच्या पाटीखालचा औषधवाला तुम्हाला अंगाला लावायचं मलम देईल. तुम्हाला प्रत्यक्षात गार जागा, पाणी आणि कदाचित डॉक्टर हवा असेल. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

उलट बाजूला ‘कू द फ्र्वा’: थंडी बाधली, सर्दी-पडसं. दुपारी जेवणानंतर एकदम गळून गेल्यासारखं वाटतं तो ‘कू द बार’ किंवा ‘कू द पोंप’. कुणी दोन वर्षांनी भेटलं आणि एकदम म्हातारं दिसायला लागलं, तर त्याला ‘कू द व्ये’ बसला. या सगळ्यांत एक समान गोष्ट आहे: काहीतरी बाहेरून येऊन अचानक आपल्यावर आदळतं. म्हणून ज्याच्यावर आदळतं त्याच्यासाठी इथे ‘दोने’ चालत नाही. ‘आव्वार’ म्हणजे असणे आणि ‘प्राँद्र’ म्हणजे घेणे, हीच मुख्य क्रियापदं.

मनाच्या बाबतीतही तेच. ‘कू द फूद्र’ म्हणजे वीज कोसळणं, आणि पाहताक्षणी प्रेमात पडणं. माणसाच्या, घराच्या, एखाद्या गावाच्याही. त्याच्या सौम्य भावाला ‘कू द कर’ म्हणतात, हृदयाचा कू. फ्रान्समधल्या पुस्तकांच्या दुकानांत काही पुस्तकांवर दुकानदाराने हाताने लिहिलेली चिठ्ठी लावलेली असते: ‘कू द कर’. याचा अर्थ ‘मला मनापासून आवडलेलं’. काय वाचावं ते सुचत नसेल तर त्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवा.

पाचवी पायरी: इतिहासातून आलेले ‘कू’

इंग्रजी वर्तमानपत्रं वाचून आपल्याला हा शब्द लष्करी उठावापुरता माहीत असतो. पूर्ण शब्द ‘कू देता’, राज्यसंस्थेवरचा घाव. फ्रेंचमध्ये नुसतं ‘अँ कू’ म्हटलं तर कुणाच्या डोळ्यांसमोर रणगाडे येत नाहीत. ‘देता’ लावावंच लागतं, आणि लिहिताना त्याचं पहिलं अक्षर मोठं, कारण लहान अक्षराने लिहिलं तर तोच शब्द ‘अवस्था’ होतो. फ्रान्सच्या इतिहासातले दोन ‘कू देता’ प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असतात: 9 नोव्हेंबर 1799 रोजी नेपोलियन बोनापार्टने दिरेक्त्वारची राजवट उलथली तो, आणि 2 डिसेंबर 1851 रोजी त्याच्या पुतण्याने, राष्ट्राध्यक्ष असताना, स्वतःच संसद बरखास्त केली तो. दोन्ही सत्तेच्या आतल्या माणसांनी केले. 1789 साली बास्तीयचा (बॅस्टिलचा) तुरुंग घेणाऱ्या लोकांच्या उठावाला हा शब्द लागत नाही.

मला मात्र ‘कू द जार्नाक’ची गोष्ट जास्त आवडते. 10 जुलै 1547 रोजी सँ-जेर्मँ-आँ-लेला राजा दुसऱ्या हेन्रीच्या समोर दोन सरदारांचं द्वंद्व झालं. ला शातेन्येरे हा नावाजलेला तलवारबाज आणि राजाचा लाडका. समोर गी शाबो, बॅरन द जार्नाक. सगळ्यांना निकाल आधीच माहीत असल्यासारखा होता. जार्नाकने प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्यामागच्या शिरेवर वार केला आणि तो कोसळला. पुढे त्याच जखमेने गेला. वार द्वंद्वाच्या नियमांत बसणारा होता. तरी आज ‘कू द जार्नाक’ म्हणजे पाठीमागून, दगाफटक्याने केलेला वार. जार्नाकवर हा अन्यायच आहे.

‘कू द ग्रास’ म्हणजे तडफडणाऱ्याला यातनांतून सोडवणारा शेवटचा घाव. इथला शेवटचा ‘स’ उच्चारायचाच. इंग्रजीच्या वाटेने आलेले पुष्कळजण तो ‘फ्रेंच आहे म्हणून’ गाळतात आणि दयेच्या जागी चरबी येते.

नाटकवाल्यांचे ‘कू’ही ऐकून ठेवा. फ्रेंच नाट्यगृहात पडदा उघडण्याआधी ब्रिगाद्ये नावाच्या जाडजूड काठीने रंगमंचाच्या फळ्यांवर तीनदा ठोकण्याची जुनी प्रथा आहे: ‘ले त्र्वा कू’. आपल्याकडे तिसरी घंटा होते, तसंच. आणि कथानकाला अनपेक्षित कलाटणी मिळाली की तो ‘कू द तेआत्र’, मग तो मंचावर असो की राजकारणात.

सहावी पायरी: वेळ सांगणारे ‘कू’

बोलण्यात ओघ यायला हेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतात, आणि पुस्तकं नेमकी यांच्यावरून घाईत पुढे जातात. ‘तूता कू’ म्हणजे अचानक. ‘तू दँ कू’चा मूळ अर्थ ‘एका दमात, एकाच वेळी’; रोजच्या बोलण्यात दोन्ही एकमेकांच्या जागी येतात. ‘द्यू प्रम्ये कू’ म्हणजे पहिल्याच फटक्यात: ड्रायव्हिंगची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाला, तर हाच शब्दप्रयोग. ‘आप्रे कू’ म्हणजे घडून गेल्यानंतर, मागाहून. ‘आ तू ले कू’ म्हणजे दर वेळी, आणि बोलीत ‘नक्कीच’.

‘स्यूर ल कू’कडे नीट लक्ष द्या. बातमीत एखादा माणूस ‘स्यूर ल कू’ गेला, असं वाचलं तर तो जागच्या जागी गेला. पण गप्पांत कुणी ‘स्यूर ल कू, मला कळलंच नाही’ असं म्हटलं तर त्याचा अर्थ ‘त्या क्षणी, तेव्हा’. ‘सू ल कू द’ हा तिसरा भाऊ: एखाद्या गोष्टीच्या भरात, दबावाखाली. ‘सू ल कू द ला कोलेर’ म्हणजे रागाच्या भरात.

वाऱ्याचाही एक इथेच घालतो. ‘कू द वाँ’ म्हणजे वाऱ्याचा झोत. समुद्राच्या हवामान बातमीपत्रात तो बोफर्ट मापनातला आठवा अंक, ताशी 62 ते 74 किलोमीटरचा वारा. आणि कुणी ‘आँ कू द वाँ’ येऊन गेलं, तर ते उभ्या उभ्या येऊन गेलं.

सातवी पायरी: ‘अँ’ जाऊन ‘ल’ आला की

‘सा वो ल कू’ हे वाक्य आजच पाठ करा. अर्थ: करण्यासारखं आहे, त्यात अर्थ आहे. संग्रहालयाबद्दल, पदार्थाबद्दल, कोर्सबद्दल, कशाबद्दलही. ‘तनीर ल कू’ म्हणजे तग धरणे. ‘मार्के ल कू’ म्हणजे एखादा प्रसंग साजरा करून लक्षात राहील असा करणे. पन्नासावा वाढदिवस, निवृत्ती. ‘एत्र दाँ ल कू’ म्हणजे कटात सामील असणे, किंवा काळाबरोबर असणे. या प्रयोगांत ‘कू’ फटका राहिलेला नाही. तो डाव, खेळी, प्रकरण झाला आहे. याच अर्थाने ‘फेर ल कू द ला पान’: गाडी बंद पडल्याचं सोंग करून सोबतच्या व्यक्तीला निर्जन जागी थांबवण्याची जुनी युक्ती. बघा, इथे ‘द’नंतर ‘ला’ परत आला, कारण ही ठरावीक, सगळ्यांना माहीत असलेली चाल आहे.

म्हणींत ‘फेर द्यून प्येर द कू’ आपल्या एका दगडात दोन पक्ष्यांसारखीच, फक्त पक्षी नाहीत. ‘कू देपे दाँ लो’ म्हणजे पाण्यात तलवार चालवणं. आपला पालथा घडा.

सराव कसा करावा, कुठे जपावं

वहीत ‘कू’ एकटा लिहू नका. क्रियापदासकट, पूर्ण वाक्यात लिहा. आरएफआय या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या रोज ऐका आणि ‘कू’ ऐकू आला की थांबवून तिन्ही प्रश्न विचारा. लारूसचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. त्यात या शब्दाची नोंद लांबलचक आहे, ती एका बैठकीत वाचू नका. त्या दिवशी भेटलेला प्रयोग तेवढा शोधा.

‘ब्वार अँ कू’ म्हणजे एखादा पेला घेणे. सहकाऱ्याने तसं विचारलं तर ते साधं आमंत्रण आहे आणि ज्यूस मागवलात तरी चालतं. पण ‘तीरे अँ कू’पुढे ‘द फ’ नसेल तर तो अश्लील प्रयोग आहे, आणि माणसाला ‘बों कू’ म्हणणंही तसंच. दोन्ही समजायला हवेत, वापरायला नकोत.

‘द्यू कू’ म्हणजे ‘मग, त्यामुळे’. आजचे फ्रेंच लोक तो प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला घालतात, इतका की फ्रेंच अकादमीने ‘म्हणून’च्या जागी तो सरसकट वापरण्याविरुद्ध सांगून पाहिलं. बोलताना बिनदिक्कत वापरा, बोलणं लगेच तिथलं वाटतं. डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेच्या लेखी पेपरात मात्र त्याच्या जागी ‘दोंक’ लिहा.